न विचारता उघडणारा कागद

टाइपबाबूंनी कधी कुणाला अर्ध्या नावानं हाक मारली नाही. कॉलेजच्या ऑफिसात मी सगळ्यांचा ‘नऱ्या’. प्रेमाचाच, पण नऱ्याच. टाइपबाबू मात्र मान वळवून म्हणत, “नरहरी गंगाधर, जरा टाचण्याची डबी सरकवा इकडं.” शिपाई सख्या त्यांच्या तोंडी सखाराम विठोबा होता. आम्ही हसायचो. आणि गंमत अशी, की सगळ्यांना एवढ्या लांब हाका मारणाऱ्या या माणसाला त्याच्या स्वतःच्या पुऱ्या नावानं आमच्यापैकी कुणीच बोलावलं नाही. ते नाव होतं मारोती लिंबाजी खंदारे.

एकदा मी कारण विचारलं. टाइपरायटरची रिबन बदलता बदलता ते म्हणाले, “मानवतच्या पलीकडं आमचं गाव. तिथं माझ्या बापाला त्याच्या नातवाएवढी पोरं ‘ए लिंब्या’ म्हणायची. मेला तरी लिंब्याच. नाव मोडलं की माणूस मोडायला लय येळ लागत न्हाई, नरहरी गंगाधर.” विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या वर्षी गावात जाळपोळ झाली, त्यात त्यांचं घर गेलं. ते परभणीला आले, टायपिंग शिकले आणि आमच्या कॉलेजात चिकटले. आई मात्र गाव सोडायला तयार झाली नाही. घराचं त्यांनी एवढंच सांगितलं, परत कधी विषय काढला नाही.

फार साधाभोळा माणूस होता असं मात्र कुणी समजू नये. नाक लाल व्हायला वेळ लागत नसे. शर्ट पांढरा, कडक इस्त्रीचा, आणि त्यावर शाईचा ठिपका पडला तर दिवसभर कुणाशी बोलणं नाही. चहा बशीत ओतून पिणाऱ्यांकडे ते असं बघत की प्राध्यापकसुद्धा कपाला तोंड लावत. बोलणं अस्सल गावाकडचं, पण टाइप करताना एक वेलांटी इकडची तिकडे होऊ देत नसत.

मग ऑफिसात कम्प्युटर आला. प्राचार्यांनी तो हौसेनं स्वतःच्या केबिनमध्ये ठेवून घेतला. त्यात लिहायचे दोन प्रोग्रॅम होते, एक इंग्रजीचा आणि एक मराठीचा. दोन्हींत केलेल्या फायलींच्या नावांना शेपूट एकच, त्यामुळे मशीनला फरक कळत नसे. फायलीवर दोनदा टिचकी मारली की ती थेट इंग्रजीच्या प्रोग्रॅममध्ये उघडायची आणि मराठी मजकुराच्या जागी नुसती किड्यामुंग्यांची रांग दिसायची. टाइपबाबू आधी मराठीचा प्रोग्रॅम उघडत आणि त्याच्या आतून फाइल काढत; ही रीत तेव्हा फक्त त्यांनाच ठाऊक होती. त्यामुळे त्यांचं कधी अडलं नाही, पण ही गोष्ट त्यांना फार लागली होती.

नांदेडहून दुरुस्तीला इंजिनीअर आला, तेव्हा त्यांनी त्याला विचारून घेतलं की फाइल कशात उघडायची हे मशीनला कुठं सांगतात. जागा समजली. बदल करायला हात पुढे केला, तेवढ्यात प्राचार्य म्हणाले, “काय करताय बाबू? माझी सगळी पत्रं इंग्रजीत असतात. आहे तसं राहू द्या.”

“साहेब, कॉलेजचं निम्म्याहून जास्ती काम मराठीत हाय. न विचारता उघडलं तर आपलं उघडाय पाहिजे. इच्यारून उघडलं, त्यात काय?”

“अहो, पण तुम्ही आहात ना,” प्राचार्य हसून म्हणाले. “तुम्ही उघडा.”

प्राचार्य वाईट नव्हते. त्यांना तो टाइपबाबूंचा मानच वाटला असेल. टाइपबाबू मात्र त्या दिवशी चहाला आले नाहीत.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात निम्मी माणसं उगाचच फायलींत डोकं खुपसून बसली होती. टाइपबाबूंनी पेढे वाटले नाहीत. शर्ट तेवढा नवा होता. कॉलेजच्या पत्राच्या माथ्यावर आमच्या नावाखाली, कुठल्या विद्यापीठाशी संलग्न, ती ओळ असते. छापखान्यातून नवे कागद येईपर्यंत तो माथा कम्प्युटरवर तयार करायचं ठरलं, आणि टाइपबाबू बसले. नाव लांबलचक, एका ओळीत मावेना. प्राचार्य म्हणाले, दोन ओळी करा. “नावाचे तुकडे करायचे न्हाईत,” टाइपबाबू म्हणाले, आणि त्यांनी चक्क आमच्या कॉलेजचं नाव बारीक करून ती ओळ अखंड बसवली. प्राचार्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण चालवून घेतलं.

त्यांचं मागणं एकच होतं. या माथ्याचं पहिलं पत्र जाईल, त्याची एक प्रत त्यांना हवी होती, आईला दाखवायला. “तिला वाचता येत न्हाई,” ते मला म्हणाले. “पण केवढं लांब हाय ते तर दिसंल.”

आणि नेमका गावाहून निरोप आला की आई आजारी आहे. ते मिळेल त्या एसटीनं मानवतला गेले. दोन दिवसांनी विद्यापीठाला परीक्षेचं तातडीचं पत्र पाठवायचं निघालं. प्राचार्यांनी फाइल उघडली, तर किड्यामुंग्या. मी खटपट केली, सख्यानं देवाचं नाव घेतलं, मुंग्या काही हलल्या नाहीत. टपालाची वेळ होत आली. शेवटी प्राचार्य म्हणाले, “कपाटातला जुना कागद काढा. नावानं काय अडतंय?”

पत्र जुन्या नावानं गेलं. एक दिवस थांबलो असतो तर आभाळ कोसळणार नव्हतं. इतकी वर्षं थांबलेलं नाव होतं ते, त्याच्यासाठी आम्हाला एक टपाल चुकवता आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

टाइपबाबू परत आले आणि त्यांनी जावकाच्या फायलीत ती प्रत पाहिली. ओरडले नाहीत. केबिनमध्ये जाऊन मशीनसमोर बसले, दोन मिनिटांत उठले. मग नव्या माथ्याचा एक कोराच कागद छापला, नीट गुंडाळून पिशवीत ठेवला आणि शनिवारी पुन्हा गावी गेले.

सोमवारी प्राचार्यांनी आपल्या इंग्रजी पत्रावर दोनदा टिचकी मारली, तर ते मराठीच्या प्रोग्रॅममध्ये उघडलं आणि पडदाभर भलतीच अक्षरं सांडली. टाइपबाबूंना बोलावणं गेलं. दार उघडंच होतं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

“हे तुम्ही केलंत?”

“व्हय साहेब.”

“मग आता माझी पत्रं कशी उघडायची?”

“तुमी हाव ना साहेब,” टाइपबाबू शांतपणे म्हणाले. “तुमी उघडा.”

सेटिंग त्याच दुपारी पुन्हा पहिल्यासारखं झालं. उन्हाळ्यात टाइपबाबूंची बदली झाली, संस्थेच्या लांबच्या एका शाळेत, जिथं कम्प्युटर नव्हता.

त्यांना पोचवायला परभणी स्टेशनवर मी एकटाच गेलो होतो. पिंगळीला घरी जायला मला तिथूनच गाडी होती, म्हणून गेलो म्हणा. त्यांची आई मार्चमध्येच वारली होती. मी विचारलं, “खंदारे, आईंनी तो कागद पाहिला का?” लगेच जीभ चावली, मारोती लिंबाजी म्हणायला हवं होतं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

“बघितला की. बोटानं चाचपीत गेली त्या टोकापस्तोर. खूश झाली. मग बोट खाली आणलं आन् म्हणली, मारोती, खाली समदं मोकळंच हाय की रे. यांनी काईच लिवलं न्हाई?”

गाडीची घंटा झाली. त्यांनी ट्रंक उचलली.

“मी काय सांगणार, नरहरी गंगाधर? म्हणलं, लिवायलेत माय. लिवायलेत.”