चौकीदार गैरहजर

भांडगावच्या पुढं कालव्याकाठी इंग्रजांच्या काळातला, पाटबंधारे खात्याचा एक दगडी बंगला आहे. माझे वडील, आबा, तिथं पंचवीस वर्षं चौकीदार होते, पण साहेबांच्या आरामखुर्चीत ते एकदाही बसले नव्हते. ते निवृत्त झाल्यावर बंगला कुणीतरी चालवायला घेतला, नवी फरशी बसवली, गरम पाण्याचे नळ आणले आणि तो सुट्टीच्या पाहुण्यांना देऊ लागला. मला कोरेगावच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा मी ठरवलं, आबांना तिथं दोन दिवस पाहुणे म्हणून न्यायचंच.

त्यामागं एक जुनं दुखणं होतं. माझा जन्म झाला त्या दिवशी आबा कुणाला न विचारता दौंडच्या दवाखान्यात गेले आणि नेमके तेव्हाच साहेब तपासणीला आले. शेरेबुकात लाल शाईनं लिहून गेले, 'चौकीदार गैरहजर.' उभ्या नोकरीतला तेवढाच एक डाग. दर वाढदिवसाला आबा तो मला पेढ्याबरोबर भरवायचे. "तुझ्यापायी बसला गं शेरा!" सगळे हसायचे, मीही हसायचे. पण ते मला लागायचं.

तर मी आबांना व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत बसवलं. पुढच्या थांब्याला उतरायचं असल्यासारखे ते टोकावर टेकले. पाच मिनिटांत फाटकाशी हॉर्न वाजला. आबांनी टोपी सारखी केली आणि ते धावले! शेजारच्या खोलीचे पाहुणे होते. त्यांनी बॅगा आबांच्या हाती दिल्या, वर चहा सांगितला. आबांनी तो केलासुद्धा. नवा चौकीदार बघतच राहिला.

माझं डोकं फिरलं. "आबा, आपण पाहुणे आहोत!"

"व्हय की. पन त्यास्नी आल्याचा च्या लई आवडला."

निघताना नव्या चौकीदारानं अभिप्रायाची वही पुढं केली.

"हितं आता पाहुनंच शेरा लिवत्यात?" आबांनी विचारलं.

"हो. तुम्हीच लिहा."

आबा वही घेऊन सरळ आरामखुर्चीकडे गेले. या वेळी पाठ टेकून बसले. चष्मा लावून सावकाश लिहिलं. मी मागून डोकावले.

'बंगला तपासला. पाणी गरम. चहा उत्तम. चौकीदार मुलीसह हजर.'

पुढच्या वाढदिवसाला मला नुसता पेढा मिळाला.