वर्गणी न भरणारा कॅप्टन

रास अल खोरच्या एका गॅरेजमध्ये माझी जुनी पिकअप महिन्यातून एकदा तरी मुक्कामाला असते. तिथे गेलो की मला त्याची आठवण येते. गाडी मुळात त्याचीच. तो अमेरिकन, मी वसईचा, आणि आम्ही दोघं दुबईतल्या एका छोट्या प्रायव्हेट जेट कंपनीत कॅप्टन. दोन कॅप्टन सहसा एका विमानात बसत नाहीत. एक उतरला की दुसरा चढतो. त्यामुळे आमची दोस्ती जमली ती जमिनीवर, गॅरेजबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, करक चहाचा कागदी कप हातात धरून. काय दिवस होते ते!

भांडायचो मात्र कचकचून. विषय ठरलेला, युनियनची वर्गणी. मुंबईत एअरलाइनमध्ये होतो तेव्हा माझ्या पगारातून ती दर महिन्याला कापली जायची आणि मी दर महिन्याला कुरकुरायचो. पण इथे, जिथे युनियन नावाची गोष्टच नाही, मला तिचा असा काही उमाळा आला की विचारू नका. त्याचं नेमकं उलटं. अमेरिकेत तो ज्या प्रायव्हेट जेट कंपनीत होता तिथे वर्गणी सक्तीची होती. नाही भरली तर नोकरीवर गदा. "माझ्या खिशात हात घालून हे लोक हॉटेलांत मीटिंगा करतात," म्हणायचा. त्या रागातच तो तिथली नोकरी सोडून दुबईला आला होता. "इथे मी आणि मालक. मधे कोणी नाही. खलास."

"मालकाने मान धरली की कळेल," मी म्हणायचो. "सक्ती नसेल तर कोण कोणासाठी खिशात हात घालतो?"

"आणि सक्तीने काढून घेतलं तर ते मी दिलं असं कसं म्हणायचं?"

मग मी त्याला आडमुठा म्हणायचो. हा शब्द मीच त्याला शिकवला आणि तो त्याने माझ्यावरच उलटवला. बायको म्हणायची, "भांडायलाच जायचं तर बर दुबईच्या घरून तिथवर एवढं पेट्रोल कशाला जाळता? मी आहे ना घरात."

आमच्या कंपनीत एक गोष्ट मला फार छळायची. पाहुणे परक्या शहरात उतरायचे, खरेदीला जायचे, जेवायला जायचे आणि आम्ही विमानात त्यांची वाट बघत बसायचो. ते कधी परततील याचा नेम नाही, म्हणून हॉटेल नाही. हे ताटकळत बसणं ऑफिस आमची विश्रांती म्हणून धरायचं. कागदावर आम्ही कायम ताजेतवाने. तक्रार केली की ऑपरेशन्स मॅनेजर म्हणायचा, "कॅप्टन, हबीबी, बघू या, इन्शाल्ला." पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

एका रविवारी सकाळी मी असाच बसून बसून अंग आंबवून परतलो. चर्चमध्ये मिस्सेला गेलो आणि प्रवचन चालू असताना चक्क झोपलो. बायकोने कोपराने ढोसलं. घरी येऊन सुरमईच्या कालवणाचा पहिला घास घेतोय तोच मॅनेजरचा फोन. संध्याकाळी पाहुण्यांना मालदीवला न्यायचंय.

"नाही जमणार. मी थकलोय."

"तुमची विश्रांती झालीय, कॅप्टन."

"बसून झालीय. झोपून नाही."

"ठीक आहे. मग मी दुसऱ्या कॅप्टनला विचारतो. तो गेला तर मालकांना काय सांगू? एकाला थकवा येतो आणि दुसऱ्याला येत नाही? पुढच्या महिन्यात तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, लक्षात आहे ना?"

होतं की. नोकरीवर व्हिसा, व्हिसावर घर, आणि मुलगी बारावीत. ती ताटातून मान वर न करता म्हणाली, "डॅड, जस्ट से यू आर सिक." मी तिच्यावर खेकसलो. आजारी नव्हतो मी. थकलो होतो. थकलेल्या वैमानिकाला थकलो म्हणायची चोरी असेल तर मागे बसलेल्या माणसांनी कोणाच्या भरवशावर बसायचं?

"आणि तो गेला तर?" बायकोने विचारलं.

"जाणारच. त्याने आजवर एका फ्लाइटला नाही म्हटलेलं नाही."

त्याला फोन करायला मी मोबाइल उचलला आणि ठेवून दिला. कुठल्या तोंडाने बोलणार? सक्तीशिवाय कोणी कोणासाठी उभं राहत नाही म्हणून ज्याच्याशी इतकं भांडलो, त्याला आता माझ्यासाठी उभा राहा म्हणू? पलंगावर पडलो. इतका थकलेलो, पण डोळ्याला डोळा लागेना. मुलीचं बारावीचं वर्ष पुरं होईपर्यंत तरी इथे राहू देतील का, एवढंच डोक्यात फिरत होतं.

सोमवारी ऑफिसला गेलो तर विमान मी जिथे सोडलं होतं तिथेच उभं. मॅनेजरचा चेहरा लालबुंद. "तुम्ही दोघांनी काय युनियन काढलीय का?"

मी तडक रास अल खोर गाठलं. हा बाबा पिकअपच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभा. मॅनेजर काय म्हणाला ते सांगितलं तर इतका हसला की डोकं बॉनेटवर आपटलं. "युनियन? मी?"

"का नाही गेलास?"

"त्याने मला सांगितलं, तू कामचुकार झालायस म्हणून. तू भांडकुदळ आहेस, आडमुठा आहेस. कामचुकार नाहीस." मग हात पुसत म्हणाला, "आणि शनिवारी मीही दिवसभर दुसऱ्या विमानाच्या भट्टीत बसूनच आलो होतो."

मला एकदम भरून आलं. ते लपवायला मी त्याला दोन शिव्या हासडल्या आणि चहा आणायला गेलो.

त्यानंतर विमानात बसणं विश्रांतीत धरायचं हळूच बंद झालं. कोणी जाहीर केलं नाही. माझं नवं कॉन्ट्रॅक्ट झालं, कारण मी जुना आणि मालकाची आई माझ्याशिवाय कोणाच्या विमानात बसत नाही. तो नवा. त्याची पाळी आली तेव्हा त्याच्या कॉन्ट्रॅक्टवर सही झाली नाही. मी मालकाकडे जाऊन बोललो, आवाजही चढवला. काही उपयोग झाला नाही. "खलास," हा बाबा म्हणाला. मरीनातलं घर त्याने रिकामं केलं आणि पिकअप माझ्या गळ्यात मारली. बायको म्हणाली, "भंगारवालासुद्धा घेणार नाही." खरं होतं.

परवा गॅरेजमध्येच बसलो होतो तेव्हा त्याचा मेसेज आला. तिकडे अमेरिकेत एका कंपनीत लागलाय. पहिल्याच पगारातून युनियनची वर्गणी कापून गेली म्हणून लांबलचक शिव्या.

मी लिहिलं, "भर मुकाट्याने. इथे तू आम्हा सगळ्यांची भरून गेलास."

 मग त्याने विचारलं, गाडी कशी आहे?

मी लिहिलं, "बंद पडलीय. ये."