शिकून राहिलो

माझं मराठी चांगलं आहे, असं लोक म्हणत. नागपूरला दोन वर्षं शिकून आल्यावर मी 'काऊन' टाकून 'का' म्हणायला लागलो होतो. गोंदियाच्या शाळेत एखाद्या पोराने 'पानी' म्हटलं की त्याला उभं करून दहा वेळा 'पाणी' म्हणायला लावायचो. माझी थोरली बहीण याला फार हसायची. थोरल्या बहिणीला आम्ही बाई म्हणायचो. "मास्तर, तुहं पाणी कोनत्या विहिरीचं गा?" असं ती विचारायची आणि मी चिडायचो. चिडण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण तेव्हा मला माझ्या बोलण्याचा भारी तोरा होता.

या चांगल्या मराठीपायीच मला तलावांच्या संघाचा चिटणीस केलं. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली तेव्हा मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले, आणि सरकार कुठे कुठे पुरणार? पाळी, म्हणजे तलावांचे मातीचे बांध, खचायला लागल्या, गाळ साचला. तेव्हा गोंदियाजवळच्या कामठ्याच्या बाजूच्या दहाबारा गावांनी मिळून संघ काढला. तलाव दुरुस्त करायचे, पाणी वाटून घ्यायचं, धान एकत्र विकायचं, पुढेमागे स्वतःची गिरणीही टाकायची. कागदावर संघ सगळ्यांचा होता. चालवत होता तो एकच माणूस, बाईचा नवरा, माझे भाऊजी.

भाऊजींच्या घराण्यात तलाव बांधणं पिढीजात. अनवाणी शेतातून चालत गेले की जमिनीचा उतार त्यांच्या तळपायाला कळायचा. पाळीला कुठली माती चालेल ते ती मुठीत दाबून सांगत. तलावाचं पाणी सोडायच्या मोरीच्या दारासाठी लाकूड हवं तर स्वतः चिचगडच्या जंगलात जाऊन, चार दिवस तिथेच राहून, पारखून आणत. पण संघ चालायचा तो या विद्येवर नाही, त्यांच्या शब्दावर. आश्विनात धान निसवायला आलं आणि पावसाने दडी मारली की तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, आधी सोडायचं, यावर डोकी फुटत. ती भाऊजींच्या गावात फुटत नव्हती. ते पाळीवर उभे राहून सांगत, आज याचं, उद्या त्याचं, आणि लोक ऐकत, कारण हा माणूस खोटं बोलत नाही हे पोराटोरांना ठाऊक होतं. स्वतःच्या बांधीला ते शेवटी पाणी घेत. तोंडाने मात्र अगदी फटकळ. बाईची भाजी खारट झाली तर पाहुण्यांच्या पंगतीत 'खारट झाली' म्हणणार.

आमचा भाग मुंबई राज्यात गेला आणि वर्षभरात सरकारकडून निरोप आला. संघाला मदत मिळेल, पण एका अटीवर. संघाला पूर्ण वेळ काम करणारा, पगारी, नेमलेला व्यवस्थापक पाहिजे. रीतसर जाहिरात, रीतसर मुलाखती. मी आणि संघाचे सगळे लोक धरूनच चाललो होतो की भाऊजींनाच नेमतील. जाहिरातीचा मसुदा मी केला. वरून तो परत आला तेव्हा त्यात एक ओळ वाढली होती, 'इंग्रजी पत्रव्यवहाराचे ज्ञान असल्यास प्राधान्य'.

ती ओळ मी भाऊजींना वाचून दाखवली. ते म्हणाले, "मंग शिकव ना. मास्तर कायले झाला?"

तेव्हापासून दर रविवारी ते सायकल हाणत गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीला माझ्या खोलीवर येत. चाळिशी उलटलेला माणूस, पाळीवरच्या दगडांनी सोललेली बोटं, आणि त्या बोटांत पेन्सिल. अक्षरं झाली, सही झाली, छोटे छोटे शब्द वाचता येऊ लागले. चुकलं की स्वतःलाच शिवी हासडत. दीड महिन्यात जेवढं व्हायचं तेवढं झालं, आणि तेवढ्यात मुलाखतीचा दिवस आला.

मुलाखती आमच्याच शाळेत होत्या, सुट्टीचा दिवस पाहून. निवड करणारे तिघे. मुख्य साहेब पुण्याकडचे, आमच्याकडे येऊन त्यांना महिनाही झाला नव्हता. दुसरे त्यांच्याबरोबर तिकडूनच आलेले एक तरुण अधिकारी. तिसरे गोंदियाचे एक गिरणीवाले शेठ, जे हिंदीशिवाय बोलत नसत आणि ज्यांना संघाची गिरणी व्हावी असं मुळीच वाटत नव्हतं. मी चिटणीस म्हणून कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला.

सकाळी साहेबांनी विचारलं, "चहा सांगितला होता ना?" मी घाईत म्हणून गेलो, "हो साहेब, येऊन राहिला."

"येऊन राहिला?" साहेब हसत म्हणाले. "कुठे राहिला? आम्हाला तर दिसला नाही!"

तरुण अधिकारी खो खो हसले. साहेब काही वाईट माणूस नव्हते, गंमतच केली त्यांनी. 'येतो आहे' याला आमच्याकडे 'येऊन राहिला' म्हणतात, एवढं सांगायला दोन शब्द पुरले असते. मी सांगितलं नाही. मीही हसलो, आणि माझे कान तापले. सात वर्षं घासूनपुसून लख्ख केलेली जीभ ऐन वेळी घसरली, याचीच मला लाज वाटत होती.

तिसरे उमेदवार भाऊजी. धुवट धोतर, बाईने इस्त्रीसाठी तांब्यात निखारे घालून फिरवलेला सदरा. पाळ, माती, पाणी, धान, सगळ्यांची उत्तरं त्यांनी अशी दिली की साहेब पुढे सरकून ऐकायला लागले. आता झालंच म्हणून मी टाक शाईत बुडवून घेतला.

"आणि इंग्रजी?" साहेबांनी विचारलं.

"शिकून राहिलो, साहेब."

साहेबांनी मान डोलावली. "वा! मग हे वाचून मजकूर सांगा." त्यांनी खात्याचं एक टंकलिखित पत्र पुढे केलं.

भाऊजींनी पत्र घेतलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि परत ठेवलं. "हे नाही येत."

"आत्ताच म्हणालात ना शिकून राहिलो?"

"हो. शिकून राहिलो."

"शिकून राहिलात आणि एक पत्र वाचता येत नाही?"

"आता शिकूनच राहिलो ना साहेब, मंग कसं येईन?"

'शिकून राहिलो' म्हणजे शिकून झालं असं धरलेल्या साहेबांना वाटलं हा गृहस्थ आपली थट्टा करतो आहे. त्यांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे जागेसाठी आधी खोटं सांगायचं, आणि पकडलं गेल्यावर वर तोंड करून उत्तरं द्यायची? खोटं बोलणारा माणूस मला संघावर नको."

भाऊजी गोंधळले. त्यांनी शेठकडे पाहिलं. शेठना कळलं होतंच, हिंदीतही 'सीख रहा हूँ' असंच म्हणतात. पण त्यांनी पानाचा डबा उघडला आणि सुपारी निवडत बसले. मग भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं.

साहेब, हे शिकताहेत असं म्हणतात, माझ्याकडेच शिकताहेत. एवढंच वाक्य. ते माझ्या तोंडात तयार होतं. पण तसं सांगायचं म्हणजे ही आमची बोली, मीही हीच बोलतो, सकाळचा चहाही असाच येऊन राहिला होता, हे सगळं सांगायचं. मी खाली कागदाकडे पाहिलं. नात्याच्या माणसासाठी चिटणिसाने मध्ये पडू नये, असं मी त्या वेळी स्वतःला बजावलं. ते सोयीचं होतं म्हणून बजावलं.

भाऊजी उठले, हात जोडले आणि गेले. साहेबांनी मला सांगितलं, लिहा, उमेदवाराने इंग्रजीविषयी खोटे सांगितले. मी लिहिलं, 'उमेदवाराने इंग्रजीच्या ज्ञानाविषयी असत्य कथन केले, सबब अपात्र'. साहेब म्हणाले, "तुमची भाषा छान आहे हो." मला तेव्हाही बरं वाटलं. हे लिहिताना माझ्या तोंडाची चव जाते, पण वाटलं हे खरं.

संघाची एक रीत होती. कुठलाही ठराव गावकऱ्यांपुढे मोठ्याने वाचल्याशिवाय पक्का होत नसे. भाऊजींनीच ती पाडली होती, ज्यांना वाचता येत नाही त्यांना कुणी फसवू नये म्हणून. त्याप्रमाणे पुढच्या सभेत, शाळेच्या पडवीत, मी इतिवृत्त वाचलं. 'असत्य कथन' आलं तेव्हा मी जरा भरभर वाचलं. मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "मास्तर, ते असत्य का काय, ते काय व्हय गा?"

भाऊजी भिंतीला टेकून बसले होते.

मी म्हणालो, "म्हणजे... खोटं बोलले, असं साहेबांचं म्हणणं आहे."

"कोन? हे?"

भाऊजी काहीतरी बोलतील म्हणून सगळे थांबले. ते बोलले नाहीत. त्या पडवीत एकूणएक माणूस 'शिकून राहिलो' म्हणणारा होता. काय विचारलं आणि काय उत्तर दिलं एवढं जरी मी सांगितलं असतं, तरी सगळे पोट धरून हसले असते आणि तिथेच विषय मिटला असता. मी पान उलटलं आणि पुढचा ठराव वाचला.

त्या वर्षीही आश्विन कोरडा गेला. भाऊजी पाळीवर उभे राहिले आणि नेहमीसारखं पाणी कुणाचं ते सांगायला लागले. तेव्हा एक जण म्हणाला, "तुमी म्हनता म्हनून काऊन मानू? सरकारच्या कागदावर लिहून हाये तुमचं." बाकीच्यांनी त्याला गप्प केलं, पण ते बोलणं झालं ते झालंच. भाऊजींनी हातातलं फावडं मोरीपाशी ठेवलं आणि घरी गेले. त्यानंतर ते तलावाकडे फिरकले नाहीत. रात्रंदिवस ज्याचा विचार केला त्या तलावाला वळसा घालून, लांबच्या वाटेने शेतात जाऊ लागले. रविवारचं मुर्रीला येणंही थांबलं. मी बोलवायला गेलो नाही.

नेमलेला व्यवस्थापक सरळ माणूस होता. पदवीधर, इंग्रजी पत्रं झकास लिहायचा. पण पाणी सोडायचा दिवस आला की दाराला कडी लावून बसायचा, कारण दोन्ही बाजूंची भांडणं त्याच्या अंगणात यायची आणि त्याला त्यातलं काही कळायचं नाही. त्याला लोकांचं बोलणं धड समजत नसे आणि लोकांना त्याचं. दीड वर्षाने त्याने राजीनामा दिला. तोवर दोन तलावांच्या पाळी पुन्हा खचल्या होत्या आणि चार गावं संघातून फुटली होती. पुन्हा जाहिरात काढायचं ठरलं, पुन्हा मसुदा माझ्याकडेच आला. या वेळी इंग्रजीची ओळ नव्हती.

तो कागद खिशात घालून मी बाईकडे गेलो. मनाशी पक्कं ठरवलं होतं, आधी सगळं कबूल करायचं, मग अर्ज करा म्हणून पाय धरायचे. भाऊजी पडवीत दोरी वळत बसले होते. दीड वर्षात पार खंगले होते. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "भाऊजी, त्या दिवशी साहेबांना तुमचं बोलणं समजलं नव्हतं. मला समजलं होतं."

"मालूम हाये," ते म्हणाले. दोरी वळणं थांबलं नाही.

"मग तुम्ही सभेत का नाही सांगितलं? लोकांना तरी सांगायचं."

"सांगतलं असतं तं लोकायनं इचारलं असतं, मास्तर तं तिथंच होता, तो काऊन नाही बोलला?" त्यांनी दोरीला पीळ दिला. "तुले लाज वाटून राहिली होती. मी पायलं ना. त्याच्यात मी अजून कायले भर टाकू? बायकोचा भाऊ तू."

मी खिशातला कागद काढला, तो त्यांनी पाहिलाच नाही. म्हणाले, "आता नाही होत गा. शब्द गेला का काम नाही होत."

एवढ्यात बाई ताट घेऊन बाहेर आली. भात, लाखोरीची डाळ, माझ्यासाठी मुद्दाम तळलेली मिरची. कागद पाहून तिला विषय कळला. ताट माझ्यापुढे ठेवत ती म्हणाली, "यायले नको सांगू बापा आता ते. जन्मात एकडाव खोटं बोलले, अना तेबी सायबापाशी. मी इचारलं तं मलेबी कबूल केलं यायनं. हो म्हने, बोललो. लोकायपुढं मान खाली गेली माही. तूच होता तिथं, तुले काय काय ऐकून घ्यावं लागलं असन यायच्यापायी!"

ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. तिचं माहेर म्हणजे मी एकटाच उरलो होतो. मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितलं आणि म्हणाले, "जेव गा. भात थंडा होऊन राहिला."

मी जेवलो. बाई समोर बसून वाढत होती, आणखी घे म्हणत होती, आणि मी घेत होतो. तिला मी त्या दिवशी काही सांगितलं नाही, नंतरही सांगितलं नाही. आता दोघंही नाहीत.