मोकळा बांबू

माझ्या पाठीला बाक आला तो मी दहा-अकरा वर्षांची असताना. मुंबईच्या डॉक्टरांनी कण्यावरून बोट फिरवून सांगितलं, हे आपोआप होतं, कुणाचा दोष नसतो. रोज आडव्या बांबूला लोंबकळायचं आणि दबलेल्या बाजूत श्वास भरायचा.

आमच्या पाचूबंदरच्या कोळीवाड्यात आडव्या बांबूंना तोटा नव्हता. बोंबील वाळवायला ते दारासमोरच बांधलेले असत. त्यातला एक बाबांनी ऐन हंगामात माझ्यासाठी मोकळा ठेवला.

आईला मात्र डॉक्टरांचं पटलं नाही. ती बाजारात मासळी विकायला जाई तेव्हा धाकटा भाऊ दिवसभर माझ्या कडेवर असे. "डागदराला काय ठावं? मीच त्याला तुझ्या कडेवर दिला," म्हणत तिने त्याला काढून घेतलं. बोल लावायला तिला कुणीतरी हवं होतं, तिने स्वतःलाच धरलं. आता डोक्यावर पाटी आणि कडेवर भाऊ घेऊन ती जायची. बांबूला लोंबकळत मी तिच्याकडे बघत राहायची आणि मला तो श्वास काही भरता यायचा नाही.

एका दुपारी परतल्यावर तिने पाटी उतरवली, भावाला खाली ठेवलं, आजूबाजूला पाहिलं. मी दाराआड होते. तिने माझा बांबू दोन्ही हातांनी धरला, पाय दुमडले आणि डोळे मिटून ती लोंबकळली. बांबू करकरला. मी पुढे झाले तशी तिने झटकन हात सोडले.

"मोडंल गो," ती म्हणाली, "तुझा हाय." आणि मासळीचे हात लागले म्हणून तो पदराने पुसून दिला.