साडूभाऊंची सवाशे किलोंची सवत

वस्तू उचलताना कमरेत कळ येत नसेल तर ती वस्तूच नव्हे, असं मानणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. माझ्या लग्नाची बोलणी करायला हेच आले होते. पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. आमचा टेबलफॅन तेवढा दोन्ही हातांनी उचलून पाहिला. "बैठक लोखंडी हाय. घर चांगलं हाय," म्हणाले, आणि लग्न ठरलं! मी त्या खोलीत होतो हे त्यांच्या लक्षात आलं असेल की नाही, याची मला आजही खात्री नाही.

साडूभाऊ हौशी रेडिओवाले. म्हणजे सरकारी परवाना काढून घरबसल्या हवेतून दूरदूरच्या माणसांशी बोलणारे. एवढी विद्या शिकून ही मंडळी बोलतात काय, तर तुझा सेट कसा आहे, माझा असा आहे, तुमच्याकडं ऊन किती. बाकीच्यांचे सेट आता टेबलाच्या कोपऱ्यात मावतात. साडूभाऊंचा मात्र जुन्या काळचा, काचेच्या व्हॉल्व्हचा, सवाशे किलोंचा. पुंडलिकनगरच्या घरात तो वरच्या खोलीत चढवायला आठ हमाल लागले. त्यातला एक, "सायब, अंदर कोई बैठा है क्या?" असं विचारून मधूनच निघून गेला. पुढं स्लॅबला बाक आला, तेव्हा खालच्या स्वयंपाकघरात मधोमध लोखंडी खांब उभा करावा लागला. साडूभाऊंची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी आक्का, ओट्यावरून डब्यांच्या फळीकडं जायला त्या खांबाला रोज प्रदक्षिणा घालायची आणि वरच्या सेटला 'सवत' म्हणायची.

या सवतीचा आवाजही दांडगा. एकदा शेजारी बारसं होतं. बायका पाळण्याभोवती जमल्या, आत्याबाई माइक हातात घेऊन नाव सांगणार, तोच स्पीकरमधून साडूभाऊंचा धीरगंभीर आवाज आला, "इधर मौसम साफ है, ओव्हर!" पोराचं पाळण्यातलं नाव आता कुणालाच आठवत नाही. सगळी गल्ली त्याला ओव्हर म्हणते. त्याचा बाप आधी दोन वर्षं साडूभाऊंशी बोलत नव्हता, आता तोही संध्याकाळी गॅलरीतून "ओव्हर, घरी ये रे!" म्हणून हाका मारतो.

गेल्या वर्षी आक्काचे गुडघे जिन्याला नाही म्हणायला लागले. मुलानं पडेगावला लिफ्टवाला फ्लॅट घेतला. तिथल्या खोलीत एकच कोपरा मोकळा निघाला, आणि तिथं मावणार एकच वस्तू: आक्काचं लग्नातलं कपाट, नाहीतर सवत. मुलानं निकाल देऊन टाकला. सवत भंगारात जाणार. बापाला वाईट वाटू नये म्हणून त्यानं डब्याएवढा नवा सेटही आणला. साडूभाऊंनी तो दोन बोटांनी उचलला. "ह्याच्यात काय भरलंय तरी का?" एवढंच बोलले. पण आक्काच्या गुडघ्यांपुढं त्यांनी हट्ट केला नाही. निमूटपणे त्या डब्यावरून हवेत बोलायला लागले. त्यांचं तोंड मात्र बघवत नव्हतं.

सामान हलवायच्या दिवशी भंगारवाला हमाल घेऊन वर आला आणि सवतीला दोर बांधायला लागला. आक्का जिना चढून, एकेका पायरीवर थांबत, वर आली.

"तिला हात लावू नको. कपाट घेऊन जा."

मला वाटलं, दुखण्यानं वैतागून बोलतेय. म्हटलं, "आक्का, अहो कपाट तुमच्या माहेरचं हाय!"

"मला सांगता व्हय, पाव्हणं?" आक्का सेटला टेकून उभी राहिली. "ह्या सवतीच्या काचा तापल्याबिगर हवेत आवाज जात नाय. तोवर हे नुस्ते बसून ऱ्हायचे. मग मी चहा घेऊन वर यायची. तेवढ्यात विचारायचे, गुडघा कसा हाय, भाजी कोणती केली, पोराचा फोन आला का. लग्नाला एवढी वर्षं झाली, आमचं जे काय बोलणं झालं ते तेवढ्यातच झालं. ह्या नव्या डबड्याला तापावंच लागत नाय हो. बटण दाबलं की हे चालले जगाशी बोलायला! ते आल्यापासून मला एक शब्द विचारला नाय ह्यांनी."

साडूभाऊ ऐकत होते. खाली जाऊन त्यांनी कपाटाचा एक कोपरा दोन्ही हातांनी उचलून पाहिला. "लई जड हाय गं," म्हणाले. यापेक्षा मोठं कौतुक त्यांनी आयुष्यात कुणाचं केलेलं मी ऐकलं नाही.

परवा पडेगावला गेलो होतो. आक्काच्या साड्या पलंगाखाली ट्रंकेत, आणि कोपऱ्यात सवत. साडूभाऊंनी खटका ओढला. काचांमध्ये हळूहळू तांबूस उजेड धरायला लागला. आक्का खुर्ची ओढून शेजारी बसली. "काय केलं आज भाजीला?" त्यांनी विचारलं. "दोडका," ती म्हणाली. "कोवळा मिळाला का?"

मी माझा चहा उचलला आणि गॅलरीत जाऊन प्यायलो.