टाकू नका, सोनाकाकींकडं द्या!

आमच्या गल्लीतली मंडळी कुणाच्या लग्नात भेटली की अक्षता पडायच्या आधीच सोनाकाकींचे किस्से सुरू होतात. एकाचा संपत नाही तोवर दुसरा म्हणतो, "अरे, ते डबड्याच्या फोनचं सांग की!" किस्से ढीगभर उरलेत. काकींनी केलेली एकही वस्तू मात्र आमच्यापैकी कुणी जपून ठेवली नाही, याची फार हळहळ वाटते.

मिरजेत लढाईच्या दिवसांत कापड मिळेना, रॉकेल मिळेना, खेळणी कुठली! काकींचे यजमान रामूकाका पलटणीबरोबर ब्रह्मदेशात गेलेले. आधी पत्रं बंद झाली, मग 'बेपत्ता' म्हणून तार आली. मूलबाळ नव्हतं. दुपारी आम्हा पोरांची फौज ओसरीवर जमली की काकी म्हणायच्या, "टाकू नगा रं काय बी. त्येचं काय तरी हुतंय." काकांविषयी कुणी विचारलं तर, "येतील की!" एवढंच.

* * *

शेजारी अमीनचाचांचा तंबोऱ्यांचा कारखाना. तडकलेले भोपळे ते बाहेर टाकायचे. काकींनी ते कापून, कडेला चिंध्या लावून आम्हाला टोप्या केल्या. थेट सोल्जर! आमची लुटुपुटूची लढाई ऐन रंगात आली असताना चाचांनी बंडूच्या डोक्यावर टिचकी मारली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "सोनाबाय, लय झ्याक आवाज येतोय! आतनं अगदी रिकामं हाय!"

बंडू पुढं वकील झाला. या किश्शाला अजून चिडतो.

* * *

साबण मिळेना तेव्हा काकींनी रिठे भिजवले. उरलेल्या पाण्यात पपईच्या पानाचा पोकळ देठ बुडवून आम्ही फुगे सोडायचो. बंडूनं फुंकायच्या ऐवजी ओढलं! दिवसभर उचकीबरोबर फेस. त्याची आई तावातावानं भांडायला आली.

काकी म्हणाल्या, "आवं, फुकटात आतनं धुऊन निघालं की पोरगं!"

* * *

स्टेशनावर मिलिटरीच्या गाड्यांतून रिकामे डबे पडायचे. दोन डब्यांना भोकं पाडून मध्ये दोरा ओवला की फोन तयार. सगळ्यांचं 'हॅलो हॅलो' झालं आणि धाकट्या बनीची पाळी आली. दुसरा डबा काकींच्या कानाला.

बनी ओरडली, "हॅलो, बर्मा! काका, कवा येताय?"

आम्ही पोट धरून हसलो. काकींनी बराच वेळ कानाचा डबा काढला नाही. मग म्हणाल्या, "दोरा पुरंना गं बने." त्या दिवशी आम्हाला लवकर घरी पाठवलं.

* * *

शेवटचा किस्सा सांगताना आम्ही हसतो. काकी मात्र त्यावर कधीच हसल्या नाहीत.

लढाई संपली. आसपासच्या गावचे शिपाई परतले, काका नाही आले. त्या थंडीत काकींनी पेटीतून त्यांचा लग्नातला लोकरी कोट काढला. वर न बघता कात्री चालवली. "पेटीत कसर लागण्यापरीस पोरांच्या अंगाला लागंल," म्हणाल्या. कुणाला बंडी झाली, कुणाला कानटोपी. बनीला बाह्यांचे पायमोजे. आम्हाला केवढा आनंद!

महिनाभरानं गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबला. हडकलेला एक माणूस उतरला. जपान्यांच्या कैदेतून सुटलेले रामूकाका! गल्ली धावली, पण काकी दाराआड जाऊन बसल्या त्या बाहेरच येईनात.

काकांची नजर आमच्या अंगावर गेली. ते थबकले. मग खाड्कन टाचा जुळवून पलटणीतला रांगेचा हुकूम सोडला, "फालिन!" आम्ही रांगेत उभे. काकांनी एकेकाची बंडी चाचपली, कानटोपी सरळ केली, वाकून बनीचे पायमोजे पाहिले.

दाराआडून काकींचा रडका आवाज आला, "एक महिना... एक महिना दम धराय पायजे हुता मी."

काका दाराकडं बघत म्हणाले, "धरला असतास तर काय? मला आता त्यो ढगळच झाला असता. भाईर येऊन बघ तर खरं, ह्यास्नी कसा बराबर बसलाय!"