राहू दिलेला व्हिडिओ

व्हिडिओ काढून टाकण्याआधी ती एका कानावरचा हेडफोन सरकवायची आणि पडद्यावरच्या माणसाला म्हणायची, "चल, हो बाहेर." वाडीत शिरलेल्या कोंबडीला हाकलावं तसं. मगच बटण दाबायची.

गोखिवऱ्यात बादल्या बनवणाऱ्या एका गाळ्याच्या वर आमचं ऑफिस होतं. तुम्ही एखाद्या व्हिडिओविरुद्ध तक्रार करता ना, तो ठेवायचा की काढायचा हे तिथे ठरायचं. मराठी व्हिडिओ तिच्याकडे यायचे. तिचे निर्णय नियमात बसतात का, हे तपासायला मी.

ती वसईतल्या बागायतदारांच्या घरातली, तिशीची. आईवडील, भाऊ-वहिनी आणि त्यांची तान्ही मुलगी यांच्यासोबत राहायची. डब्याबरोबर सगळ्यांसाठी वाडीतली केळी आणायची. एकदा एक बुवा भेंडीच्या पाण्याने मधुमेह पळवत होता. ती जागेवरूनच ओरडली, "सर, आमच्या वाडीत भेंडी ढिगाने आहे आणि बाबांना साखरही ढिगाने आहे! ह्या बुवाला घरी बोलावू का?" सगळा मजला हसला. मीसुद्धा.

तिची खोड एकच. बाकीचे व्हिडिओ पुढे ढकलून मोकळे व्हायचे, ही शेवटपर्यंत बघायची. मी टोकलं की उत्तर ठरलेलं: "सर, घरात बसलेली बाई शेवटपर्यंतच बघते."

मग तो आजीचा व्हिडिओ आला. नातवाला मांडीवर घेतलेली, चांगली गोड आजी. म्हणत होती, "मी काही ह्याला गोवराची लस देऊ दिली नाही. बघा कसा गुटगुटीत आहे. शेजारचं पोर मात्र सुई टोचल्यापासून आजारीच."

तिने तो काढला. टाकणाऱ्याने दाद मागितली आणि प्रकरण माझ्याकडे आलं. 'लस घेऊ नका' असं सांगायला आमच्याकडे मनाई होती. स्वतःचा अनुभव सांगायला नव्हती. मी व्हिडिओ पुन्हा चालू केला आणि तिच्या नावापुढे 'चूक' अशी नोंद केली.

ती तडक माझ्या टेबलाशी आली. "सर, आजी काय सांगतेय ते तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय. नियमात बसत नाही."

"मग तुमच्या नियमालाच कळत नाहीये."

"जागेवर जाऊन बस," मी म्हणालो. मला तेव्हा बढती मिळायची होती. माणूस अशा वेळी फार शिस्तीचा होतो.

भावाची मुलगी नऊ महिन्यांची झाली. वहिनी लस द्यायला तयार होईना. हिने समजावलं, भांडली. तेव्हा वहिनीने फोन पुढे धरला. तीच आजी. "खोटं असतं तर तुमच्या ऑफिसने काढलं नसतं का, ताई? तुम्हीच तर बघता तिथे."

"मी काढला होता!"

"मग परत कसा आला?"

हे सगळं तिने मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. "सर, आमच्या घरात त्या आजीची साक्षीदार मीच झालेय. एकदा पुन्हा बघा ना तो." एकदा दिलेला निर्णय पुन्हा उघडत नाहीत, असं मी तिला सांगितलं. उघडता आला असता. वर चार माणसांना उत्तरं द्यावी लागली असती, एवढंच.

गोवराची साथ आली. मुलीला गोवर निघाला, त्यातून न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत लेकरू गेलं. ती पुन्हा ऑफिसला आली नाही. कंपनीने आम्हा सगळ्यांना मनःशांतीवरचं एक व्याख्यान ऐकवलं. तिच्या जागी आलेली मुलगी दुप्पट वेगाने बघते आणि तिचे निर्णय अचूक निघतात.

मी त्यांच्या घरी भेटायला गेलो. ओटीवर वहिनी भिंतीला टेकून बसली होती. मी कुठला ते कळल्यावर तिने मान वर केली. "दादा, तो व्हिडिओ परत लावताना कुणी बघितला होता का हो? माणसाने?"

"नाही," मी म्हणालो. "ते सगळं मशीनच ठरवतं."

आमच्या ऑफिसातली ती पाण्याचा पेला घेऊन आतल्या दारात उभी होती. तिने ऐकलं. पुढे येऊन पेला माझ्या हातात दिला आणि आत गेली.

ते पाणी मी सगळं प्यायलो.